बिघडलेली लॉग फाइल पुसण्याआधी

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. लाइट गेली, वाचनालयाचं मशीन धाडकन बंद पडलं. परत सुरू केल्यावर सिस्टमची जर्नल फाइल खराब आहे किंवा नीट बंद झाली नव्हती, म्हणून तिचं नाव बदलून नवी फाइल घेतो आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर आली. आणि आता /व्हार/लॉग/जर्नल हे अख्खं फोल्डर उडवून टाकलं तर चालेल का, असं तू विचारते आहेस. मशीन चालेल, त्याबद्दल शंका नाही. ती ओळही दिसेनाशी होईल. तरीही तू ते करू नयेस असं मला मनापासून वाटतं. का ते फोनवर घाईत सांगितलं असतं तर तू नुसत्या कमांडा उतरवून घेतल्या असत्यास, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लॉग म्हणजे मशीनवर काय काय घडलं याची एकमेव लेखी नोंद. ती बिघडली, तर ती का बिघडली याचा पुरावाही बहुतेक वेळा त्या बिघडलेल्या फाइलीतच असतो. पंचनामा व्हायच्या आधी कुणी घटनास्थळ झाडून काढत नाही. तसंच हे आहे. तुझ्या मशीनवर वाचनालयाच्या देवघेवीच्या सगळ्या नोंदी आहेत. आज डिस्कनं लॉगच्या फाइलीत घोळ घातला असेल तर उद्या ती सभासदांच्या नोंदींत घालेल. म्हणून लॉग दुरुस्त करणं हे तुझं पहिलं काम नाही. तो कशामुळे बिघडला हे शोधणं आहे.

सगळ्यात आधी प्रत काढ. /व्हार/लॉग हे पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घे, त्याच डिस्कवर नको. ‘सीपी’ला ‘--आर्काइव्ह’ हा पर्याय दे, म्हणजे फाइलींच्या तारखा आणि मालकी जशीच्या तशी राहील. या तारखा पुढे कामाला येणार आहेत. पेन ड्राइव्ह विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला तर त्याच्यावर मालकी टिकत नाही, तेव्हा आधी ‘टार’नं सगळ्याची एक फाइल बांध आणि ती ठेव. प्रत काढतानाच ‘इनपुट/आउटपुट एरर’ असं आलं तर तिथेच हात थांबव आणि मला फोन कर. मग प्रश्न लॉगचा उरलेला नसतो, डिस्कचा असतो.

आता त्या ओळीचा अर्थ. तुझ्या मशीनवरच्या डेबियनमध्ये लॉग लिहिण्याचं काम ‘सिस्टमडी-जर्नलडी’ करतो. २०११ साली लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी या जर्नलची कल्पना मांडली. त्याआधी कित्येक वर्षं युनिक्सच्या जगात ‘सिसलॉग’ होता. एरिक ऑलमननं तो १९८०च्या दशकात बर्कलीला ‘सेंडमेल’साठी लिहिला होता, आणि त्याच्या नोंदी साध्या मजकुराच्या, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येतील अशा असत. जर्नलची फाइल मात्र बायनरी असते. तिच्या सुरुवातीला आठ अक्षरांची खूण असते आणि थोडं पुढे एक बाइट, ती फाइल कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारा. लिहिणं चालू असताना तिथे ‘ऑनलाइन’ असं नोंदलेलं असतं. डिस्कवर सगळं उतरवून फाइल नीट मिटली की ‘ऑफलाइन’, आणि भरलेली फाइल कायमची बाजूला ठेवली की ‘आर्काइव्ह्ड’. लाइट गेली तेव्हा तुझी फाइल ‘ऑनलाइन’ होती. मशीन परत उठलं, जर्नलडीनं ती उघडली, बघतो तर अवस्था अजून ‘ऑनलाइन’च. म्हणजे मागच्या वेळी कुणीतरी ती न मिटता गेलं. अशा फाइलीत तो पुढे एक अक्षरही लिहीत नाही. तिच्या नावाच्या शेवटी ‘~’ हे चिन्ह लावून बाजूला ठेवतो आणि कोरी फाइल उघडतो.

म्हणजे ‘खराब’ या शब्दाला घाबरून जायचं कारण नाही. त्या ओळीत ‘किंवा’ आहे, तो वाच. फाइलीच्या आत एकही बाइट चुकलेला नसेल आणि फक्त मिटायची राहिली असेल, तरीही हीच ओळ येते. शिवाय ती फाइल कुणी फेकून दिलेली नाही. ‘जर्नलसीटीएल’ ‘~’वाल्या फाइलीसुद्धा वाचतं आणि त्यांच्यातल्या नोंदी तारखेप्रमाणे इतर नोंदींत मिसळून दाखवतं. जर्नलची फाइल ‘दुरुस्त’ करणारी कमांड शोधण्यात वेळ घालवू नकोस. तशी कमांडच नाही. बिघडलेल्या फाइलीला हात न लावता तिच्यातून जेवढं वाचता येईल तेवढं वाचायचं, अशीच या रचनेमागची भूमिका आहे, आणि मला ती पटते. दुरुस्तीच्या नावाखाली पुराव्यात फेरफार करणाऱ्या साधनापेक्षा हे बरं.

नुकसान खरंच झालं आहे का हे बघायला ‘जर्नलसीटीएल --व्हेरिफाय’ आहे. ते चालवायच्या आधी ‘जर्नलसीटीएल --रोटेट’ कर. त्यानं चालू फाइल मिटून बाजूला जाते आणि नवी उघडते. हे केलं नाहीस तर ज्या फाइलीत त्याच क्षणी लिहिणं चालू आहे तिचीही तपासणी होते, आणि नसलेल्या चुका दिसून तू उगीच घाबरशील. तपासणीत प्रत्येक फाइलीसमोर ‘पास’ किंवा ‘फेल’ येईल. ‘~’वाल्या फाइलीसमोर ‘फेल’ आलं तर एवढं मनावर घेऊ नकोस. लाइट जाताना शेवटची पानं अर्धवट राहिली असतील. पण नावात ‘~’ नसलेली, म्हणजे व्यवस्थित मिटून ठेवलेली जुनी फाइल जर ‘फेल’ दाखवत असेल, तर ते लाइट जाण्यामुळे नाही. त्या फाइलीत महिनोन्महिने कुणी लिहिलेलंच नव्हतं. तिच्यातले बाइट आपोआप बदलले असतील तर डिस्क, केबल किंवा रॅम यांच्यापैकी कुणीतरी दगा देतं आहे. या सगळ्या पत्रातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असशील तर हे ठेव.

आता त्या ‘~’वाल्या फाइलींच्या नावांकडे जरा नीट बघ. ‘सिस्टम@’ आणि त्यापुढे सोळा अंकांची एक षोडशमान (हेक्साडेसिमल) संख्या, मग आडवी रेघ, मग तसलीच आणखी एक. दुसरी संख्या नुसती यादृच्छिक आहे, तिचा काही उपयोग नाही. पहिली संख्या म्हणजे फाइल बाजूला ठेवली त्या क्षणाची वेळ, १९७० सालापासूनच्या मायक्रोसेकंदांत. म्हणजे मशीन परत कधी उठलं ते नावातच आहे. आणि बंद कधी पडलं ते बघायला ‘--फाइल’ देऊन त्या फाइलीचं ‘--हेडर’ काढ. शेवटच्या नोंदीची वेळ तिथे मिळेल. या वेळेवर मिनिटाच्या हिशेबानं विसंबू नकोस. जर्नलडी साध्या नोंदी पाच-पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो. अगदी गंभीर पातळीच्या नोंदी तेवढ्या लगेच उतरवतो. त्यामुळे शेवटची काही मिनिटं हातची गेलेली असू शकतात.

या सगळ्या फाइलींच्या वेळा एका वहीत उतरव. खरोखरच्या वहीत, मशीनवर नको. शेजारी लाइट गेल्याच्या वेळा लिही. पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट कधी कधी जाते हे ग्रंथपालबाईंना पक्कं आठवत असेल, नाहीतर शेजारच्या दुकानदाराला विचार. दोन्ही रकाने जुळले तर रोग कळला: मशीनला चांगल्या यूपीएसची गरज आहे. पण एखाद्या दिवशी लाइट होती आणि तरीही ‘~’वाली फाइल तयार झाली, असं दिसलं तर त्या दिवसाच्या मागे लाग. कुणी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं का? मशीन अडकून पडलं होतं का? ‘लास्ट’ला ‘--सिस्टम’ हा पर्याय दिलास तर मशीन कधी उठलं, कधी रीतसर बंद झालं ते दिसेल, आणि ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ही तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं सांगेल. मशीन आपोआप बंद पडलं की कार्यालयात पहिला संशय नेहमी साफसफाई करणाऱ्या बाईंवर किंवा शिपायावर जातो. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे आणि त्याची मला चीड आहे. वेळांचा हा तक्ता समोर ठेवलास तर कुणावर खोटा आळ येणार नाही. लॉग जपायचा तो यासाठीही.

एखादी ‘~’वाली फाइल इतकी बिघडली असेल की जर्नलसीटीएल ती उघडायलाही तयार नाही, तरी आशा सोडू नकोस. ‘स्ट्रिंग्ज’ नावाची कमांड कुठल्याही फाइलीतला वाचता येण्याजोगा मजकूर उपसून काढते. तिच्यातून ‘मेसेज=’ असलेल्या ओळी वेगळ्या काढ, बराच मजकूर हाती लागेल. पण एक जपून. जर्नल जागा वाचवण्यासाठी तोच मजकूर पुन्हा आला की परत लिहीत नाही, आधीच्याकडे बोट दाखवतो. त्यामुळे डिस्कची एखादी तक्रार हजार वेळा नोंदली गेली असली तरी स्ट्रिंग्जमध्ये ती एकदाच दिसेल, आणि वेळ तर मजकुराजवळ नसतेच, ती वेगळ्या ठिकाणी असते. शिवाय लांब मजकूर दाबून ठेवलेला असतो, तो असा वाचता येत नाही. तेव्हा यातून काय घडलं ते कळेल, किती वेळा आणि कधी ते कळणार नाही. यावरून क्रम लावायला जाऊ नकोस.

आता डिस्क. ‘डीमेसेज’मध्ये किंवा जर्नलच्या कर्नलच्या नोंदींत ‘आय/ओ एरर’ किंवा ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ असं काही आहे का ते बघ. मग ‘स्मार्टसीटीएल --ऑल’ चालव. लांबलचक तक्ता येईल, त्यातल्या चारच ओळी बघ. क्रमांक ५ म्हणजे डिस्कनं खराब म्हणून बदलून टाकलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले. १९८ म्हणजे तपासणीत कायमचे गेलेले. आणि १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुका. हा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलून बघ, ती शे-दोनशे रुपयांची असते. १९७पुढे शून्याहून मोठा आकडा असेल तर मी त्या डिस्कवर विश्वास ठेवणार नाही, बाकीचा तक्ता कितीही चांगला दिसो. ‘तपासणी उत्तीर्ण’ असा जो एकूण निकाल वर छापलेला असतो त्यावर जाऊ नकोस. तो निकाल उत्तीर्ण असतानाच मेलेल्या डिस्का मी बघितल्या आहेत.

फाइल सिस्टमची तपासणी, म्हणजे ‘एफएससीके’, ही याच्यानंतर. चालू असलेल्या, माउंट केलेल्या विभाजनावर ती कधीही चालवायची नाही. बूट होताना कर्नलच्या ओळीत ‘एफएससीके.मोड=फोर्स’ लिहिलंस की उठतानाच तपासणी होते. पण स्मार्टचे आकडे वाईट असतील तर एफएससीकेसुद्धा नको. ती डिस्कवर लिहिते, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे तिचा मृत्यू जवळ आणणं. अशा वेळी आधी ‘डीडीरेस्क्यू’नं पूर्ण डिस्कची प्रत नव्या डिस्कवर घ्यायची आणि तपासणी त्या प्रतीवर करायची. डिस्क निर्दोष निघाली, तरी जुन्या फाइली ‘फेल’ दाखवत असतील, तर रात्री वाचनालय बंद झाल्यावर ‘मेमटेस्ट८६+’ लावून ठेव आणि सकाळी बघ.

तू डेबियन १२ टाकलं आहेस. त्यात ‘आरसिसलॉग’ आपोआप येत नाही, म्हणून /व्हार/लॉगमध्ये ‘सिसलॉग’ नावाची फाइल तुला दिसत नाही. मी तुझ्या जागी असते तर तो टाकला असता. साध्या मजकुराच्या फाइलीचा एखादा तुकडा बिघडला तर बाकीची फाइल डोळ्यांनी वाचता येते, हा तिचा फार मोठा गुण आहे. तीही लाइट गेल्यावर बिघडते, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. फाइलीची वाढलेली लांबी नोंदली जाते पण मजकूर डिस्कपर्यंत पोचलेला नसतो, मग मधली जागा शून्य बाइटांची राहते. ‘लेस’मध्ये ती ‘^@^@^@^@’ अशी ओळच्या ओळ दिसते. आणि ‘ग्रेप’ ती फाइल बायनरी समजून ‘जुळणारं सापडलं’ एवढंच सांगतं, ओळ दाखवत नाही. ‘--टेक्स्ट’ हा पर्याय दे, ओळी दिसतील.

लाइट गेलेलीच नाही आणि तरी एखाद्या प्रोग्रामच्या लॉगच्या सुरुवातीला असल्या शून्यांचा ढीग आहे, असं दिसलं तर ‘लॉगरोटेट’च्या सेटिंगमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ आहे का ते बघ. या पद्धतीत फाइलीची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करतात. पण प्रोग्रामनं ती फाइल ‘शेवटी जोडत जा’ अशा रीतीनं उघडलेली नसेल, तर आपण कुठवर लिहिलं होतं ते त्याच्या लक्षात असतं आणि तो तिथूनच पुढे लिहितो. आधीची सगळी जागा पोकळ राहते. इथे डिस्कचा काही दोष नाही, सेटिंग बदललं की झालं. लॉगरोटेटची स्वतःची एक छोटी स्थिती-फाइल /व्हार/लिब/लॉगरोटेटमध्ये असते. लाइट जाताना ती बिघडली तर तो चुकीची ओळ आहे म्हणून थांबतो, फाइली फुगत जातात आणि काही आठवड्यांनी डिस्क भरून मशीन अडतं. ती फाइल मात्र बाजूला काढलीस तर चालते, नवी तयार होते.

लॉगिनच्या नोंदींची ‘डब्ल्यूटीएमपी’ बिघडली तर ‘यूटीएमपीडंप’नं तिचा मजकूर करता येतो, एवढं माहीत असू दे.

आणखी एक शक्यता लिहिते, कारण तुझं मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे. बाहेरून कुणी आत शिरलं तर जाताना बऱ्याचदा लॉगही बिघडवून जातं. नेमकी एखाद्या रात्रीची नोंद गायब असेल, आजूबाजूचं सगळं शाबूत असेल आणि डिस्कही निर्दोष असेल, तर यूपीएसची चर्चा बाजूला ठेव, मशीनची नेटवर्कची वायर काढ आणि मला सांग. पुढे अशा वेळी खात्रीनं बोलता यावं म्हणून जर्नलला सील लावायची सोय आहे. ‘--सेटअप-कीज’नं दोन किल्ल्या तयार होतात. सील लावायची किल्ली मशीनवरच राहते, पडताळणीची किल्ली फक्त एकदा दाखवली जाते. ती वहीत उतरवून कपाटात ठेवायची.

सगळं तपासून झालं, प्रत जपून ठेवली, कारण कळलं, की मग साफसफाई खुशाल कर. हातानं फाइली पुसू नकोस. ‘जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज’नं किती जागा गेली ते बघ आणि ‘--व्हॅक्यूम-टाइम’ला किती मुदत ठेवायची ते सांग, तो बाजूला ठेवलेल्या जुन्या फाइलीच काढतो, ‘~’वाल्यांसकट. मी एक वर्षाची मुदत ठेवेन, म्हणजे मागचा पावसाळा शेजारी ठेवून बघता येतो. जर्नल तसाही स्वतःला त्या विभाजनाच्या दहा टक्क्यांवर, फार तर ४ जीबीवर जाऊ देत नाही.

यूपीएसबद्दल ग्रंथपालबाईंशी बोल. बॅटरी पंधरा मिनिटं पुरते एवढ्यावर समाधान मानू नको. लाइट गेली तेव्हा वाचनालयात कुणी नसेल तर सोळाव्या मिनिटाला तेच होईल. यूएसबीनं मशीनशी बोलणारा यूपीएस घ्या आणि ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ बसव, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतःच रीतसर बंद होईल. तोवर जर्नलडीच्या सेटिंगमधलं ‘सिंकइंटरव्हलसेक’ पाच मिनिटांवरून एका मिनिटावर आण. तुझी हार्ड डिस्क आहे, तिला एवढं जास्तीचं लिहिणं सोसतं. मेमरी कार्डवर चालणारं मशीन असतं तर मी असं सांगितलं नसतं. मशीन अडकलं तर पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून क्रमानं एस, यू, बी दाब, प्रत्येकामध्ये काही सेकंद थांब. डेबियनवर हे तिन्ही चालू असतात. एसनं सगळं डिस्कवर उतरतं, यूनं डिस्का फक्त वाचण्यापुरत्या राहतात, बीनं मशीन परत उठतं. आणि आरसिसलॉग टाकलास की नोंदींची एक प्रत नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय कर. बालविभागातला जुना संगणक त्याला पुरेल.

प्रत काढून झाली की ‘--व्हेरिफाय’चा पूर्ण निकाल आणि स्मार्टच्या त्या चार ओळी मला पाठव. फोटो नको, मजकूर पाठव, म्हणजे मला इथे नीट शोधता येईल. दादाला सांग, मी रविवारी सकाळी फोन करते. त्या वेळी तू मशीनसमोर बसलेली असशील तर आपण ‘~’वाल्या फाइली एकेक करून उघडू.

तुझी,
आत्या